नायकाच्या घरी गेलेला गूळ

तांड्याची होळी पहाटेच पेटते. उजाडलं तेव्हा राखेचा वास घरोघरी शिरला होता आणि तांड्याच्या प्रमुखाच्या, नायकाच्या आंगणात पोरांनी काठीवर काठी वाजवून पाहायला सुरुवात केली होती. टक्. टक्टक्. एरवी हा आवाज आला की तांड्यातल्या बाया पदराआड हसतात. गेरिया निघणार. होळीची ती पोरांची टोळी दारोदार फिरणार, वर्षात ज्या घरी पोरगा झाला तिथं त्याची धुंड करणार, म्हणजे त्याच्या डोक्यावर आडव्या धरलेल्या काठीवर काठ्या वाजवून त्याला आशीर्वाद देणार, आणि मग गोड गुलगुल्यांसाठी बायांच्या हातचा मार खाणार. बबितासुद्धा लहानपणी नेरकडच्या आपल्या तांड्यात पोट धरून हसली होती. आज मात्र दर ठोक्याला तान्ह्या नानक्याच्या लंगोटाची गाठ तिच्या बोटांतून निसटत होती.

"हालू नको ना रे बाप्पा," ती पुटपुटली. "तुले काय ठावं, बाहेर काय चाललं हाये ते."

दाराच्या चौकटीतून तिला ओसरी दिसत होती. सासरा रामधन भिंतीला टेकून बसलेला. सासू लालीबाई चुलीतली राख उगाच उकरत होती. नवरा बादल उभाच होता, मोटारसायकलची किल्ली मुठीत घेऊन, आणि दीर शाम बाजेवर बसून पाय हलवत होता. जमीरचा फोन आल्यापासून घर असंच होतं. कोणी कोणाकडे पाहत नव्हतं.

"काय म्हने थो, पुन्हा नीट सांग," रामधन म्हणाला.

"किती डाव सांगू, बा?" बादलचा आवाज चिरकला. जमीरचं आर्णीला गॅरेज होतं. बादल वणीहून कोळशाचा ट्रक चालवायचा तेव्हापासूनची दोघांची दोस्ती. "पहाटे एक जीप हवा भराले आली त्याच्याकडे. चार-पाच जनं. म्हने, आज तांड्यात रामधनच्या घरी तमाशा हाये, मोबाईल चार्ज करून ठेवा. जमीर म्हने, बादल, तू आज घरी राहू नको. मीच दुकान बंद करून बसलो, म्हने."

"जमीरले काहून भेव?"

"त्याले नाही तं कोनाले राहीन, बा? आज आपलं नाव, उद्या त्याचं."

शामचा पाय हलायचा थांबला. "मी सांगू का? धुंड करून घ्या. घटकाभराचं काम हाये. काठ्या वाजतीन, पोट्टे गुलगुले खातीन, जीपवाले फोटो काढतीन, गेले. मंग रविवारी तुमची प्रार्थना तुमी करा. देवाले काय, थो मोबाईल पाह्यते का?"

"शाम!" रामधन.

"मंग काय करू? तुमच्यासंग उपास करू?"

"वणीले जाऊ," बादल म्हणाला. "आत्ता. मी, बबिता अन् लेकरू. तिथं आपले चार लोक हायेत. येशूले घेऊन त्याची याडी मिसर देशात पळाली नाही का? तिले कोनी भित्री म्हनलं का? मंग वणी काय वाईट हाये?"

रामधननं डोळे मिटले. वणीच्या खाणीवर कामाला असताना एका सोबत्यानं त्याला प्रार्थनेला नेलं होतं. तिथं त्याची दारू सुटली, आणि येशूला सोबत घेऊनच तो तांड्यात परतला. मग याच ओसरीत रविवारी पाच-सहा घरं जमू लागली. गेल्या पावसाळ्यापासून, मोबाईलवर कुठल्या कुठल्या गावच्या, प्रार्थनेवाल्यांना चौकात उभं केल्याच्या फिती यायला लागल्यापासून, एकेक घर आटत गेलं. आता घरचेच उरले होते. सासऱ्याची श्रद्धा बबिताला डोंगरासारखी वाटे. डोंगर हलत नाही, खरं आहे. पण त्याच्या पायथ्याशी लेकरू घेऊन बसलेल्या बाईला दरडीचीच भीती असते. त्याला हे कोण सांगणार? ती तर त्याच्यासमोर घुंगट ओढून वावरणारी सून.

तिचा स्वतःचा देवाशी व्यवहार लहानसा होता. लग्न होऊन आली तेव्हा या घरात देव्हारा नाही हे पाहून ती रडली होती. मग पोटातलं पहिलं गेलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, आणि लालीबाई तिच्या कपाळावर हात ठेवून येशूशी बोलत राहिली. मोठमोठ्यानं नाही. शेजारणीशी बोलावं तसं. 'हिले एकटं सोडू नको रे. मी म्हातारी, मले झोप लागते. तू जागा राह्य.' त्या रात्रीपासून बबिताही त्याच्याशी तसंच बोलू लागली. नानक्या तिनं त्याच्याजवळ मागितला होता. देवीला नाही, कुठल्या बाबाला नाही. पुढचं मोठं धर्मकारण तिला समजत नसे. नेरहून भाऊ देवीलाल फोनवर म्हणायचा, 'ताई, त्या घरात आग लागन. तू लेकरू घेऊन निघून ये, एकटी.' ती म्हणायची, 'पाहू.' एकटी या शब्दाशीच तिचं भांडण होतं.

दारात सावली पडली. उर्वशी, रामधनची लेक, तांड्यातच पवारांच्या घरी दिलेली. पळत आल्यानं तिला धाप लागली होती आणि तिच्या केसांत होळीची राख होती.

"बा, गेरिया निघून राह्यले. पह्यले आपल्याच घरी येतेत. म्होरक्या कोन, तुमचे जावई. फुलसिंग. मी हात जोडले, आयकत नाही."

"आपल्या घरी?" रामधन उठून बसला. "आपल्या घरी कायले? आमी कुठं बोलावलं?"

उर्वशीनं आईकडे पाहिलं. लालीबाई चुलीतच पाहत होती.

"काल सांजचं, होळी रचून राह्यले तवा, नायकानं सगळ्यायले सांगलं," उर्वशी हळू म्हणाली. "म्हने, रामधनच्या घरून गूळ आला."

ज्या घरी पोरगा झाला त्या घरानं होळीआधी नायकाच्या घरी गुळाचा खडा पाठवायचा; गूळ गेला की धुंड ठरली. बोलावणं नाही, चिठ्ठी नाही. गूळ हाच शब्द. आणि तांड्यात गुळाचा शब्द मोडत नाहीत.

"मी देल्ला," लालीबाई म्हणाली.

"लाली!"

"मी देल्ला. बाजाराच्या दिवशी. नायकिणीच्या हातात देल्ला."

"येशूले एका गुळाच्या खड्यात इकून आली तू?"

"इकलं नाही." म्हातारीनं चिमटा खाली ठेवला. "मले नातू वाचवायचा व्हता. तांडा आपल्यामांगं उभा राह्यला तं बाहेरचा कोन आंगाले हात लावन, असं वाटलं मले. तुमी प्रार्थना करता, मीबी करते. पन प्रार्थना करून उठलं का मले हातानं काहीतरी करा लागते. तुमच्यासारखं भिंतीले टेकून नाही बसता येत मले."

"याडीचं बरोबर हाये," शाम म्हणाला.

"काय बरोबर हाये?" उर्वशी त्याच्यावर कडाडली. "त्या गुळापायीच जीप येऊन राह्यली! कोनीतरी लेकाच्यानं आर्णीले फोन केला का, रामधन जुन्या देवात परत आला म्हून. आता त्या लोकायले पायजे का बानं चौकात हात जोडून सांगावं, मी चुकलो, अन् थे मोबाईलमध्ये घ्यावं."

"अन् नाही सांगलं तं?" रामधननं विचारलं.

उर्वशीनं वळून दाराबाहेर पाहिलं. लालीबाईच्या तोंडावरचा रंग उतरला. बबितानं तो उतरताना पाहिला. सासूचा तिला राग यायला हवा होता, पण आला नाही. नायकाच्या घरी जाऊन गूळ द्यावा हे तिच्याही मनात दहादा आलं होतं. फक्त लालीबाईचे पाय तिच्याआधी निघाले होते.

टक्टक्. टक्टक्. आवाज आता नायकाच्या आंगणात नव्हता. तो सरकत होता.

"जा," रामधन अचानक म्हणाला. तो बादलशी बोलत होता, पण पाहत होता दाराच्या चौकटीकडे, जिथं घुंगटाआड बबिता उभी होती. "सुनेले घेऊन मांगच्या दारानं निघ. मी नाही अडवत. मरिया गेलती, तं तुमीबी जा. मी अन् लाली हावो इथं."

एवढा वेळ तिला हेच हवं होतं. बादलनं तिचा दंड धरला, तिनं नानक्याला छातीशी बांधलं, आणि दोघं गोठ्यातून मागं निघाले. पऱ्हाट्यांचा ढीग ओलांडला की नाल्यावरचा पूल दिसतो. तांड्यातून बाहेर जायला गाडीरस्ता तेवढाच.

पुलावर पांढरी जीप आडवी उभी होती. बाजूला एक जण आरामात दात कोरत होता.

बादलच्या हातातली किल्ली गळून पडली. त्यानं ती उचललीसुद्धा नाही. "आता वं?" तो म्हणाला. इतका मोठा माणूस, घाटात ब्रेक गेलेला ट्रक सांभाळलेला, आणि तिला विचारत होता.

"आता घरात," बबिता म्हणाली. "तुमी मह्या मांगंच राहा."

ते परत आले तेव्हा आंगण भरलं होतं. पुढं नायक रूपसिंग, रामधनचा थोरला चुलतभाऊ, डोक्याला लाल पागोटं, हातात नुसती चिलीम. त्याच्यामागं वीसेक पोरं, रंगानं माखलेली, प्रत्येकाच्या हातात काठी. सगळ्यांत उंच फुलसिंग. आणि पुलावरची जीप बबितापेक्षा वेगानं वळून आता आंगणासमोरच्या आंब्याखाली येऊन थांबत होती. तिच्यातून चष्मा घातलेला एक माणूस उतरला. त्याचा मोबाईल आधीच वर होता.

"रामधन," नायकानं विचारलं, "गूळ तुह्या घरचा व्हय का नाही?"

क्षणभर बबिताला वाटलं, आता हा नाही म्हणणार, आणि लालीबाई सगळ्यांसमोर खोटी पडणार. लालीबाईलाही तसंच वाटलं असावं. तिनं डोळे मिटले.

"घरचा व्हय, भिया," रामधन म्हणाला. "मह्या सांगन्यानं नाही आला. पन मह्या घरच्या लक्ष्मीनं देल्ला, म्हंजे घरचाच. नातवाले आशीर्वाद कोनी देत असन तं मी दार लावत नाही. पन मी मह्या येशूले सोडलं, असं त्या मोबाईलमध्ये मह्या तोंडून निघनार नाही. हे आधीच सांगतो, मंग म्हनू नका."

"ऐकलं ना, नायक?" चष्मेवाला पुढं आला. "आधी म्हाताऱ्याला कबूल करू द्या. नंतर तुमचं जे काय आहे ते करा."

रूपसिंगनं चिलीम झटकली. "धुंड लेकराची हाये, साहेब. म्हाताऱ्याची कवाच झाली. म्या सोता काठी वाजवली व्हती, दोन तं डोक्यावरच बसल्या. म्हून असा झाला थो."

पोरं हसली. चष्मेवाला हसला नाही. त्याच्यामागचे चौघं जवळ सरकले, तसं हसूही विझलं.

"लेकरू आना," नायक म्हणाला.

उर्वशीनं आंगणात घोंगडी पसरली. बबिता तिच्यावर बसली, नानक्याला मांडीत घेऊन. पोरांनी भोवती रिंगण धरलं. दोघांनी तिच्या डोक्यावर लांब काठी आडवी धरली. धुंड लागली की त्या रिंगणात बाहेरचा पाय पडत नाही, हे तांड्यातल्या कुत्र्यालाही माहीत. पण बाहेरच्यांना माहीत होतं का? घुंगटातून तिला फक्त पाय दिसत होते. धुळीनं भरलेले अनवाणी पाय, आणि त्यांच्यापलीकडे काळे बूट. वीस काठ्या. एवढ्या काठ्या एकाच वेळी आशीर्वाद देऊ शकतात, आणि एवढ्याच काठ्या.... तिनं नानक्याच्या टाळूवर तळहात ठेवला. टाळू धडधडत होती. की तिचाच हात.

नायक तिच्यासमोर उकिडवा बसला. धुंड कोणाच्या नावानं लावायची हे आई सांगते. कोणी देवीचं सांगते, कोणी तांड्याच्या संताचं, सेवाभायाचं. नाव पडल्याशिवाय पहिली काठी पडत नाही.

"सांग, बेटी," तो म्हणाला, आणि मग फक्त तिला ऐकू जावं इतका आवाज खाली आणला. "नुसतं देव म्हन. काही खोटं नाही त्याच्यात. पटकन निपटते, अन् मी या लोकायले काढून देतो."

नुसतं देव. दोन अक्षरं. शाम म्हणाला असता, म्हण ना वहिनी. देवीलाल म्हणाला असता, म्हण. तिच्या जिभेवर ते आलंही. येशू रागावला नसता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्याला सोडून पळालेल्या शिष्यांनासुद्धा त्यानं परत जवळ घेतलं होतं. पण मग पुढं कधी नानक्या तापानं फणफणला, किंवा कधी ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडली, तर कोणाला हाक मारायची? या सगळ्या काठ्यांत, या सगळ्या बुटांत, तिच्याजवळ एवढं एकच माणूस होतं की जे रात्री जागं राहतं.

"ज्याच्याजवळ मागतला," ती म्हणाली, आणि आवाज फुटला नाही म्हणून पुन्हा म्हणाली, मोठ्यानं, नायकासमोर, सासऱ्यासमोर, "ज्याच्याजवळ मागतला, त्याच्याच नावानं लावा. येशूच्या."

चष्मेवाल्याचा मोबाईल तिच्याकडे वळला.

"घ्या!" चष्मेवाला ओरडला. "नायक, आता काय म्हणता?"

रिंगणातल्या एकानं काठी खाली टाकली आणि तो बाहेर पडला. त्याच्यामागून दुसरा. मग दोघं-तिघं, माना खाली घालून. जिथून ते गेले तिथं खिंडार पडलं, नेमकं आंब्याच्या बाजूला, आणि काळे बूट त्या खिंडारात आले. बबितानं नानक्यावर वाकून त्याला आपल्या पोटात झाकलं. 'जागा राह्य,' ती म्हणत होती, 'जागा राह्य, जागा राह्य.'

"काय पाहून राह्यले बे भोकन्यासारखे?" हा फुलसिंगचा आवाज. "सरका!" त्याचे लांब पाय बुटांसमोर येऊन रोवले गेले. "मह्या साल्याचं लेकरू हाये. नाव कोनाचंबी लावा, काठी तं मही हाये ना? ओ साहेब, मांगं व्हा. धुंडीत काठी सटकते कवाकवा. मंग म्हनान, सांगलं नाही."

पाय सरकले. रिंगण विरळ झालं, पण जुळलं.

नायक उभा राहिला. त्याचे गुडघे वाजले. "याडीनं ज्याचं नाव घेतलं," तो म्हणाला, नाव त्यानं स्वतः घेतलं नाही, तेवढं त्याला जमलं नाही, "त्याच्या नावानं. वाजवा रे पोट्टेहो."

काठ्या पडल्या. पहिला ठोका तिच्या मणक्यातून खाली गेला. मग गारपीट झाल्यासारखं झालं, डोक्यावर लाकूड कडकडत होतं आणि वरून आवाज येत होते, घोगरे, बेसूर, रात्रभर जागलेले. वाढ रे वाढ, नाल्याकाठच्या बाभळीसारखा वाढ. बैलाच्या खांद्याचा हो. बापाच्या पुढं जा, आईच्या मांगं राह्य. नानक्या आधी दचकला, मग टाहो फोडून रडला. एकही काठी त्याला शिवली नाही, तिलाही नाही. पण ती अंग चोरूनच होती. किती वेळ, ते तिला नंतरही सांगता आलं नाही.

थांबलं, तेव्हा चष्मेवाला नायकाला सांगत होता, "आज सण आहे म्हणून जातो. हे बरं नाही केलं तुम्ही. पुन्हा भेटू."

"या ना. चहा प्याले या," रूपसिंग म्हणाला. जीपचं दार आपटलं तेव्हा मात्र त्यानं चिलीम पेटवायला काडी ओढली आणि ती काडी तीनदा विझली. "आजच्यापुरतं झालं, रामधन," तो पाठमोरा पुटपुटला. "उद्याचं मी नाही सांगत. मह्या मांगं पोट्टे किती उरतीन, मलेच ठावं नाही."

"व्हय, भिया," रामधन म्हणाला. मग तो लालीबाईकडे गेला. तिच्या हातातला तांब्या घेऊन पोरांना पाणी देऊ लागला.

"अन् गुलगुले?" फुलसिंगनं विचारलं. दोन होळ्या झाल्या, त्यानं या घरचं काही तोंडात घातलं नव्हतं. "का पाण्यावरच वाटे लावता?"

"तुमाले तं मी दांडक्यानंच वाढते," उर्वशी म्हणाली, आणि रडत रडत खरंच दांडकं शोधू लागली.

जीप पुलापर्यंत गेली. तिथं थांबली. इंजिन बंद झाल्याचं सगळ्यांनी ऐकलं.

बादल बबिताजवळ वाकला. त्याचा श्वास तिच्या कानाला गरम लागला. "तुरीच्या वावरातून पायी निघू का? त्या बाजूनं नाही दिसनार त्याइले."

रडून रडून नानक्या तिच्या मांडीत झोपला होता. तोंड उघडं, मुठीत तिच्या घुंगटाचा काठ, गालावर कोणाच्या तरी हातचा गुलाल उडालेला. ती त्याच्याकडे पाहत राहिली. भीती गेली नव्हती. ती तिथंच होती, पुलावर, इंजिन बंद करून बसलेली.

"आत्ता कुठं डोळा लागला त्याचा," ती म्हणाली. "उठू द्या त्याले. मंग पाहू."

बादल तिच्या पुढ्यात, पुलाकडे तोंड करून, मातीत बसला.